कागदाची पाजणी

परवा बाजारात चपडा दिसला. लढाईच्या वर्षांत तो दिसेनासा झाला होता. सरकारला कसल्याशा कामासाठी हवा होता म्हणे, आणि सरकारच्या कामापुढे आम्हा छापखानेवाल्यांच्या जाहिरातींना कोण विचारतो! इतकी वर्षं आम्ही मिळेल त्या पिवळट, खरखरीत कागदावर कोरड्या फटफटीत पाट्या छापत बसलो. यंदा कार्तिक लागला आणि दुकानदाराच्या थाळीत पुन्हा ते तांबूस, पातळ, काचेसारखे तुकडे आले. चपडा म्हणजे गाळून पापुद्रे केलेली लाख, ही चिचगडकडच्या जंगलातली, पळसावरची. मी एक तुकडा उचलून हुंगला. कोरड्या चपड्याला वास नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी हुंगला. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला.

वास असतो तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळल्यावर. गोडसर, डोक्यात चढणारा, नाकाच्या शेंड्यावर थंड लागणारा. माझ्यासाठी कार्तिकाचा वास तोच. इथल्या माणसांना विचाराल तर ते कापलेल्या धानाचा सांगतील, नव्या तांदळाच्या भाताचा सांगतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. दुकानं लागतात, रात्रभर दंडारीचं नाचगाणं चालतं, लेकी माहेरी येतात. सकाळी बांधावरून चालत गेलं तर गुडघ्यापर्यंत धोतर भिजतं. त्या भिजवणाऱ्याला इकडे दव म्हणत नाहीत, ओस म्हणतात. पुस्तकातलं दव मोत्यांचं वगैरे असतं. ज्याची जाहिरात मंडईत टांगलेली असते त्याला ओस म्हणजे काय चीज आहे ते कळतं.

मी मूळचा वाईकडचा. छपाईचे खिळे जुळवायला तिथेच शिकलो आणि पोटासाठी गोंदियाला आलो. लोक या गावात गाडी बदलायला उतरतात, मी उतरलो तो राहिलोच. ‘काऊन’ म्हणजे ‘का’, हे कळायला मला आठवडा लागला. ‘कायले’ म्हणजेही ‘का’च, हे कळायला आणखी एक. बाजारात हिंदी, स्टेशनावर हिंदी, मालकाच्या घरी पोवारी, आणि रंगखोलीत झाडीबोली. या सगळ्यांत शुद्ध मराठी येणारा मी एकटाच, असा माझा समज होता. तेव्हा मी तरुण होतो आणि समजुती भरपूर होत्या.

छापखाना नारायणजींचा. ते दवनीवाड्याचे, घरची धानाची शेती, आणि छपाईचा नाद कुठून लागला ते त्यांनाही सांगता येत नसे. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या, मागे रंगखोली. काळ्या शाईत चित्राच्या नुसत्या रेघा छापायच्या आणि मागच्या खोलीत पाच बाया त्यांत हातानं रंग भरायच्या. लाल, पिवळा, निळा, गोंदात कालवलेला. बिडीच्या कट्ट्यांवरचे कागद, दुकानात टांगायच्या पाट्या, असलंच सगळं काम. त्या पाचजणींत वयानं मोठी भागरथाबाई. कोष्ट्याच्या घरची. मिलच्या कापडानं तिच्या घरचा माग बंद पाडला, तेव्हापासून ती रंगखोलीत आली आणि घर तिच्या हातावर चालू लागलं. चेहऱ्यात रंग भरायचा मान तिचा. ओठांना लाल लावताना ती स्वतःचे ओठ मिटून घेई. मी दारातून कितीदा ते पाहत उभा राहिलो असेन.

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक एक बिडीवाले शेठ. घागर छाप बिडी. पाटीवर डोक्यावर घागर घेतलेली, लाल लुगड्यातली बाई. ही गोष्ट लढाईच्या बरीच आधीची. आदल्या साली मंडयांत या पाट्या लागल्या आणि ओसानं त्यांची दैना केली. गोंदातला रंग ओला झाला. कपाळाचं कुंकू नाकावर उतरलं, लुगडं पायाखाली वाहून गेलं, कागदाच्या सुरळ्या झाल्या. दसऱ्यानंतर शेठ स्वतः छापखान्यात आले.

“मास्टर, पिछले साल हमारी घागरवाली रो रही थी,” ते मला म्हणाले. “इस साल चमक चाहिए, बंबई के कैलेंडर जैसी. ओस में चेहरा बिगड़ा, तो अगले साल से छपाई बंबई.”

बंबई म्हणजे काय ते रंगखोलीला सांगावं लागलं नाही. तिकडे रंगसुद्धा यंत्रच छापतं. शेठ गेले असते तरी छापखाना कसाबसा तगला असता. रंगखोली मात्र बंद, आणि पाच बाया घरी. नारायणजींनी मागच्या दारात उभं राहून तेवढं सांगितलं. कुणी हातातला कुंचला थांबवला नाही.

चमक म्हणजे चपडा, एवढं मला ठाऊक होतं. खुर्च्यांना पॉलिश करणाऱ्या एका सुताराकडून मी कृती आणली. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवायचा, गाळायचा, लावायचा. लाकडाला चालतं ते कागदाला न चालायला काय झालं? दोनशे पाट्या छापून, रंगवून तयार होत्या. मी बाह्या सरसावून पहिल्या पाटीवर हात फिरवत होतो, तेव्हा भागरथाबाई मागे येऊन उभी राहिली.

“कागदाले आधी पाजा लागते, मास्तरजी,” ती म्हणाली. “नाईतर थो सारं पिऊन टाकते.”

मला तिचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, बघा, अडाणी बाई, पण कागदाला तहान असते हे तिला कळतं! आणि मी कागदाला पाजलं. भरपूर पाजलं. एक हात पिऊन टाकला म्हणून दुसरा दिला, तिसरा दिला, काही पाट्यांना चौथा. ती दुपारी बाजाराला गेली होती, नाहीतर तिनं माझा हात धरला असता. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या दोनशे पाट्या पाजून झाल्या आणि मी त्यांची नीट चळत लावून, हात धुऊन घरी गेलो.

सकाळी चळतीचा ठोकळा झाला होता. सुरीनं सोडवू गेलो तर एकीचा चेहरा दुसरीच्या पाठीला चिकटून आला. ज्या सुटल्या त्या भज्यांच्या कागदासारख्या तेलकट, आरपार दिसणाऱ्या. चमक कुठंच नव्हती, सगळी कागदाच्या पोटात गेली होती. घागरवालीच्या गालावर तपकिरी डाग पडले होते, देवी आल्यासारखे.

नारायणजी आले, ठोकळ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे कोनं केलं?”

“बाईंनी सांगितलं पाजायला,” मी म्हणालो.

शब्दन् शब्द खरा होता. इतकं खरं आणि इतकं नीच मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. नारायणजींनी तिला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “उद्यापासून येऊ नोको, बाई. तुह्या अकलेनं माह्या दोनशे पाट्या गेल्या.” ती माझ्याकडे बघत होती. मी खिळ्यांच्या पेटीकडे बघत होतो.

“मी पाजा म्हनलं जी,” ती शांतपणे म्हणाली. “बुडवा नाई म्हनलं.”

मग तिनं आपल्या रंगाच्या वाट्या धुतल्या, पालथ्या घातल्या, कुंचले पुसून ठेवले आणि गेली. उरलेल्या चौघींपैकी एकही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पाजणं आणि बुडवणं यांत फरक तो काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोष्टीपुऱ्यातून निघालो. रोजची वाट ती नव्हती. पाय तिकडे का वळले ते आता कशाला लपवू, तिच्या घरावरून जावं आणि काहीतरी बोलावं असं मनात होतं, काय ते ठरलं नव्हतं. पण गल्लीच अडलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं आणि एक म्हातारे गृहस्थ मोठ्या कुंच्यानं त्यावर पांढरं पाणी फिरवत चाललेले.

“थांबा जी,” ते म्हणाले. “पाजनी चालू हाये.”

“कसली पाजणी?”

“सुताची. पेज पाजून राहिलो.”

“कायले?” मी विचारलं. त्यांचा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच आपसूक आला.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “नाई पाजलं तं सूत मागावर तुटते. पेज पिऊन पोट भरलं का मंग थे दुसरं काई पित नाई. रंग बी नाई, पानी बी नाई.”

मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि माझं पुणेरी-वाईकर शुद्ध मराठी एका क्षणात पातळ झालं. आधी पाजायची ती तांदळाची पेज. मग चपडा. ती मला तिच्या घराण्याची विद्या एका वाक्यात देऊन गेली होती. मी त्या वाक्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला, आणि फसलो तेव्हा तेच वाक्य तिच्यावर फेकलं. पाणी पाजणं या शब्दाचा आणखी एक अर्थ मला येत होता. तोही त्या सकाळी पुरेपूर कळला.

भागरथाबाई दारातच सूप घेऊन बसली होती. मी घडाघडा सगळं बोललो. चूक माझी, शब्द मला कळला नाही, तुम्ही चला, मंडईला पाच दिवस उरलेत. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“मालकाले कोन सांगन?”

“मी सांगतो.”

“आधी थे सांगा,” ती म्हणाली. “मंग पाजनी.”

मी सांगितलं. रंगखोलीत, चौघींच्या देखत, कारण तिला सगळ्यांच्या देखत काढलं होतं. नारायणजींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. “मास्तर, तुमी इतक्या दुरून आले,” ते म्हणाले, “पन येताना मराठी शिकून काऊन नाई आले?” चौघी पदरात हसल्या. मग त्यांनी स्वतः भागरथाबाईला बोलावणं पाठवलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुंदर दिवस आहेत. ओलेत्या कागदांचे आणि उन्हाचे दिवस. हुकूम तिचा, हात आमचे. पहिली अडचण तांदळाची आली. तो महिनाच नव्या तांदळाचा, घरोघर नवा भात, ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचीच गोडी. नारायणजींनी कौतुकानं नव्याची पायली पाठवली, ती तिनं हात न लावता परत केली. “नव्या तांदराची पेज चिकट. कागद कागदाले धरन.” जुना हवा होता, वर्ष उलटलेला. शेवटी दवनीवाड्याच्या घरी कणगीच्या तळाशी सापडला. तिनं त्याची पेज रटरटवली, कापडातून दोनदा गाळली, चिमूटभर तुरटी घातली आणि दोन बोटांत धरून पाहिली. चिकटत नव्हती, निसटत होती. तेव्हा कुठं मान हलवली.

कोरे कागद पाटावर घ्यायचे आणि घरून आणलेल्या सुताच्या कुंच्यानं पेज फिरवायची. एकदा आडवी, एकदा उभी. तिचा हात इतका हलका चाले की कुंचा कागदाला लागतो की नुसता वरून जातो, अशी शंका यावी. मी करू गेलो तर कागदाला पोट सुटलं. “तुमी खिळे जुळवा, मास्तरजी,” ती म्हणाली. अंगणात दोऱ्या बांधून त्यावर कागद वाळत घातले. वाळले की फळीखाली दाबून सरळ केले. मग छापले, मग रंगवले, आणि मगच चपडा. त्यात एक शहाणपण मला माझं माझं मिळालं. सकाळच्या ओलसर हवेत एका पाटीला हात दिला तर चपड्यावर पांढरी भुरी चढली. तेव्हापासून ऊन डोक्यावर आल्याशिवाय बरणी उघडायची नाही असं ठरलं. एवढंच एक श्रेय माझं, ते मी सोडणार नाही.

पहिली पाटी तयार झाली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो. चपडा आत गेला नाही, वरच थांबला. लाल लुगडं गडद झालं, घागरीचं पितळ पितळ दिसू लागलं, आणि चेहऱ्यावर अंगणातलं ऊन उमटलं. पाटी हलवली की ऊनही हलायचं. खरंच सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्पिरिटमुळे, असं मी म्हणालो. कुणाचा विश्वास बसला नाही.

आपल्या भाषेत वरच्या थराला फारसा मान नाही. वरवरचं म्हणजे खोटं, मुलामा दिलेलं म्हणजे फसवं. वाईला असताना जाहिराती छापणं हे मला कमीपणाचं वाटायचं, आणि त्यांना चकाकी आणणं तर त्याहून. त्या अंगणात ते मत माझं मलाच पटेना. बिडी कशीही असो, त्या पाटीवरची चकाकी लबाड नव्हती. तिच्याखाली पेज होती, पेजेखाली वर्षभर जपलेला तांदूळ, आणि त्याखाली किती पिढ्यांनी सुतावर फिरवलेला हात. बघणाऱ्याला यांतलं काही दिसत नाही. दिसू नये अशीच ती कारागिरी असते. हल्ली छापखान्यात नवी पोरं येतात आणि चकाकीचं नाव काढलं की नाक मुरडतात. मी त्यांना उपदेश पाजत नाही, पेज ढवळायला बसवतो.

दवनीवाड्याच्या मंडईला मी मुद्दाम गेलो. आदल्या संध्याकाळीच पाट्या दुकानांवर लागल्या होत्या. मी भल्या पहाटे गाडीवाटेनं निघालो आणि ऊन वर यायच्या आत पोचलो. दंडार संपून माणसं जागच्या जागी कलंडली होती, जिलबीवाल्याची भट्टी नुकती पेटत होती, आणि ओस असा पडला होता की दुकानांची तरटं ठिबकत होती. मी पहिल्या पाटीपुढे जाऊन उभा राहिलो. तिच्यावर ओसाचे थेंब दाट बसले होते. एकेक थेंब मोठा व्हायचा, जागा सोडायचा आणि चेहऱ्यावरून सरळ खाली यायचा. चेहऱ्याला घेऊन जात नव्हता. कुंकू कपाळावर होतं.

शेठ तिथंच होते. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली, वाकून पाहिली, पुन्हा पुसली. “मास्टर, ये तो बंबई से भी बढ़िया,” ते म्हणाले. “अगले साल कैलेंडर भी यहीं.” एवढं बोलून ते बिड्यांचे कट्टे मोजायला वळलेसुद्धा. रंगखोली राहिली, ती अशी.

भागरथाबाई लेकीला घेऊन आली होती. लेकीचं सासर नवेगाव बांधाकडचं, ती मंडईसाठी माहेरी आली होती. दोघी पाट्या बघत बघत एकेका दुकानापुढे थांबत माझ्यापर्यंत आल्या. शेठ काय म्हणाले ते मी सांगितलं. तिनं “बरं झालं” म्हटलं, बस. मग पाटीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

“हे मुंग्यायची रांग कायची जी? पहिल्या पाट्यांवर नव्हती. रंग भरताना मी पाह्यली, पन तुमची कामाची घाई होती म्हनून नाई इचारलं.”

तिला वाचता येत नव्हतं. पण पाटीवर एक ओळ वाढली हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. छापखान्याच्या नावाखाली, पेटीतल्या सगळ्यांत बारीक खिळ्यांत मी ती जुळवली होती. कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नारायणजी नको म्हणाले असते, आणि तिनंही म्हटलं असतं.

मी वाचून दाखवलं. “रंग आणि पाजणी, भागरथाबाई.”

“आई, तुहं नाव!” लेक ओरडली.

मी वाट पाहत होतो. भागरथाबाई हसेल, निदान मला माफ तरी करेल, असं वाटत होतं. तिनं उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि त्या ओळीवरून घासलं. मग पुन्हा, जोर देऊन. बोट उलटं करून बारकाईनं पाहिलं. त्याला काहीही लागलं नव्हतं.

“आता तुमी मालकाले काई बी सांगा, मास्तरजी,” ती म्हणाली. “हे निंगत नाई.”